द्रवातला श्वास : खरं किती आणि आपल्या कामाचं किती?



तेरखेड्याच्या विहारात एका रविवारी वंदना झाल्यावर एक तरुण आमच्याजवळ आला. त्याच्या मोबाईलवर एक व्हिडिओ होता. काचेच्या भांड्यात पाण्यासारखा स्वच्छ द्रव, त्यात पूर्ण बुडालेला उंदीर, आणि तो उंदीर मरत नव्हता. द्रवाखाली त्याची छाती वरखाली होत होती. खाली लिहिलं होतं, की आता माणसाच्या फुप्फुसातही असा द्रव भरून डॉक्टर जीव वाचवतात.

"दादा, हे खरं हाय का?" त्यानं विचारलं. प्रश्न गमतीचा नव्हता. त्याचे चुलते फटाक्याच्या कामावर भाजले होते. अंगावर जखमा थोड्याच होत्या, पण धूर छातीत गेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांना दम लागायला लागला. तिसऱ्या दिवशी शहरातल्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. कुणा पाहुण्यानं घरी येऊन सांगितलं, "मोठ्या शहरात द्रवाचा नवा उपचार निघालाय. पैशाचं बघा." घरी दीड एकर रान. ते गहाण टाकायचं का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

त्या दिवशी आम्ही त्याला जे सांगितलं, तेच या पानावर जरा सविस्तर मांडतो आहोत. तेरखेडा हे फटाक्यांचं गाव. सोलापूर-धुळे महामार्गावरून जाणाऱ्याला हे गाव फटाक्यांच्या दुकानांवरूनच ओळखू येतं. दारू भरणारे, वाती लावणारे, पुडे बांधणारे हात वस्त्यांमधलेच आहेत. स्फोटाची बातमी आली की भाजलेल्याची चौकशी होते, पण छातीत गेलेल्या धुराची फारशी होत नाही. म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे.

श्वास घेतो म्हणजे काय होतं?

आपलं फुप्फुस म्हणजे रिकामा फुगा नव्हे. ते स्पंजासारखं आहे. त्यात सुमारे ३० कोटींहून जास्त बारीक पुटकुळ्या असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. प्रत्येक वायुकोशाभोवती रक्ताच्या केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं. हवेतला ऑक्सिजन वायुकोशातून रक्तात जातो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. मधली भिंत इतकी पातळ असते, की हे काम क्षणात होतं.

वायुकोश आतून ओले असतात. दोन ओल्या काचा एकमेकींना कशा घट्ट चिकटतात, ते आपण पाहिलं आहे. वायुकोशांच्या भिंतीही तशाच चिकटून बसल्या असत्या. तसं होऊ नये म्हणून फुप्फुस स्वतःच साबणासारखा एक पदार्थ तयार करतं. त्याचं नाव सर्फॅक्टंट. त्याच्यामुळं वायुकोश श्वास सोडल्यावरही उघडे राहतात आणि पुढचा श्वास सहज आत जातो.

ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढचं सगळं हिच्यावरच उभं आहे.

धूर आत गेला की काय बिघडतं?

फटाक्याच्या दारूत गंधक, सोरा, कोळसा, ॲल्युमिनियमची पूड अशा वस्तू असतात. गंधक जळलं की सल्फर डायऑक्साइड हा वायू होतो. तो श्वासनळीच्या ओलाव्यात मिसळला की त्याचं आम्ल बनतं. म्हणजे धूर आतून भाजतो. बंद खोलीत आग लागली असेल तर गरम वायूनं घसा सुजतो. स्फोटाच्या दणक्यानं फुप्फुसाला मारही बसतो. बाहेरून कातडी शाबूत दिसते आणि आत सूज वाढत जाते.

सूज आली की रक्तनळ्यांतलं पाणी वायुकोशांत झिरपतं. सर्फॅक्टंट खराब होतं. एकेक वायुकोश मिटतो किंवा पाण्यानं भरतो. मग कितीही ऑक्सिजन दिला तरी तो रक्तापर्यंत पोचत नाही. या अवस्थेला डॉक्टर एआरडीएस म्हणतात. १९६७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १२ रुग्णांचा अभ्यास करून तिचं पहिलं वर्णन केलं. ती धुरानं होते तशी न्यूमोनियानं, रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गानं, मोठ्या अपघातानंही होते. कोरोनात आपण जे मृत्यू पाहिले, त्यांतले अनेक याच वाटेनं गेले.

इथं व्हेंटिलेटर लागतो. व्हेंटिलेटर फुप्फुस बरं करत नाही. तो फक्त दाबानं हवा आत ढकलतो आणि शरीराला बरं व्हायला वेळ मिळवून देतो. पण त्यात एक धोका आहे. फुप्फुसाचा अर्धा भाग मिटलेला असताना जोरानं हवा ढकलली, तर ती उरलेल्या चांगल्या भागातच शिरते आणि तो भाग फाजील ताणला जाऊन जखमी होतो. म्हणजे वाचवणारं यंत्रच इजा करू शकतं. या अडचणीतून वाट काढताना द्रवाची कल्पना पुढं आली.

द्रवाची कल्पना

वायुकोश मिटतात ते आतल्या ओल्या पृष्ठभागाच्या ताणामुळं. हवा आणि पाणी जिथं भेटतात तिथं हा ताण असतो. शास्त्रज्ञांनी विचार केला, की वायुकोशात हवाच नसली आणि सगळा द्रवच असला, तर हा ताण जवळजवळ राहणारच नाही. आईच्या पोटात बाळाचं फुप्फुस द्रवानंच भरलेलं असतं. मात्र तिथं बाळाला ऑक्सिजन नाळेतून मिळतो. आपल्याला असा द्रव हवा, जो स्वतःच ऑक्सिजन वाहून नेईल.

साध्या पाण्याला ते जमत नाही. १९६२ साली योहानेस किल्स्ट्रा या डच डॉक्टरनं मोठ्या दाबाखाली मिठाच्या पाण्यात भरपूर ऑक्सिजन मिसळून त्यात उंदीर काही वेळ जिवंत ठेवले. पण एवढा दाब माणसाच्या उपचारात वापरता येत नाही. १९६६ साली अमेरिकेत लेलंड क्लार्क आणि फ्रँक गोलान यांनी परफ्लुरोकार्बन या जातीचा द्रव वापरला. मोबाईलवर फिरणाऱ्या उंदराची खरी गोष्ट इथून सुरू होते.

परफ्लुरोकार्बनला रंग नाही, वास नाही. तो पाण्यात मिसळत नाही आणि शरीरात पचत नाही. हळूहळू वाफ होऊन श्वासावाटेच निघून जातो. वजनाला पाण्याच्या जवळजवळ दुप्पट. त्याचा मोठा गुण असा, की त्यातल्या पर्फ्लुब्रॉन या द्रवाच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ५० मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. आपलं १०० मिलिलिटर रक्त सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन नेतं, म्हणजे हा द्रव त्याच्या दुपटीहून जास्त धरतो.

तेव्हा उंदीर द्रवात श्वास घेतो, हे खरं आहे. १९८९ सालच्या 'द अबिस' या इंग्रजी चित्रपटातही खरा उंदीर खऱ्या द्रवात दाखवला आहे. त्याच चित्रपटात माणूस तसा श्वास घेतो, ते मात्र नाटक आहे.

दोन पद्धती

पहिली पद्धत पूर्ण द्रवाची. फुप्फुस द्रवानं पूर्ण भरायचं आणि खास यंत्रानं तो द्रव आतबाहेर करायचा. यात मोठी अडचण म्हणजे द्रव हवेपेक्षा फार जड आणि संथ. आपण मिनिटाला १२ ते १८ वेळा श्वास घेतो. द्रव मात्र मिनिटाला चार-सहा वेळाच आतबाहेर करता येतो. त्यामुळं ऑक्सिजन पुरतो, पण कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही.

दुसरी पद्धत अर्ध्या द्रवाची. फुप्फुसात थोडा द्रव ओतायचा आणि वरून नेहमीच्या व्हेंटिलेटरनं हवा द्यायची. उताण्या झोपलेल्या रुग्णाच्या फुप्फुसाचा पाठीकडचा भाग जास्त मिटलेला असतो. जड द्रव आपोआप तिथंच उतरतो, वायुकोश उघडतो आणि आतली घाण वर उचलून आणतो. कागदावर ही कल्पना फार चांगली दिसत होती.

माणसांवर काय झालं?

पहिला प्रयोग झाला तो सगळ्यांत नाजूक रुग्णांवर, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर. १९८९ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात टेंपल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी मरणाच्या दारात असलेल्या बाळाला हा उपचार दिला. फुप्फुस काही काळ सुधारलं, पण बाळ वाचलं नाही. १९९६ साली १३ बाळांवर अर्ध्या द्रवाची पद्धत वापरली. नेहमीचे उपचार हरलेली ही बाळं होती. तिघांचा उपचार चार तासांच्या आतच थांबवावा लागला. दहा बाळांना तो एक ते तीन दिवस मिळाला. आठ बाळं आईच्या पोटातले ३६ आठवडे भरले असते त्या दिवसापर्यंत जगली. जगभर आशा वाढली.

पण इथं एक प्रश्न विचारावा लागतो. द्रव दिला नसता तर त्यांच्यातली किती जगली असती? याचं उत्तर तुलना केल्याशिवाय मिळत नाही. सारख्या आजाराच्या रुग्णांचे चिठ्ठी टाकून गट करायचे, एका गटाला नवा उपचार, दुसऱ्याला नेहमीचा, आणि मग मोजायचं. एखाद्याला गुण आला हे ऐकून औषध ठरवायचं नाही.

अशी मोठी तुलना मोठ्या माणसांवर झाली. तिचा निकाल २००६ साली प्रसिद्ध झाला. एआरडीएसचे ३११ रुग्ण होते. त्यांचे तीन गट केले : नेहमीचा व्हेंटिलेटर, थोडा द्रव, जास्त द्रव. २८ दिवसांत नेहमीच्या व्हेंटिलेटरच्या गटात १५ टक्के रुग्ण दगावले. थोड्या द्रवाच्या गटात २६.३ टक्के आणि जास्त द्रवाच्या गटात १९.१ टक्के. द्रव मिळालेल्यांना व्हेंटिलेटरवर जास्त दिवस राहावं लागलं. फुप्फुसाबाहेर हवा साचणं, ऑक्सिजन घसरणं, रक्तदाब पडणं हे त्रासही त्यांच्यात जास्त झाले. एआरडीएसच्या रुग्णाला हा उपचार देऊ नये, असा निष्कर्ष संशोधकांनीच काढला.

म्हणून आज ही पद्धत जगातल्या कुठल्याही आयसीयूत नेहमीचा उपचार म्हणून दिली जात नाही. फुप्फुसात भरायचं औषध म्हणून पर्फ्लुब्रॉनला मान्यता मिळाली नाही.

संशोधन मात्र थांबलेलं नाही. चांगल्या यंत्रांनी पूर्ण द्रवाची पद्धत सुधारण्याचं काम प्राण्यांवर चालू आहे. जपानमध्ये तर हा द्रव गुदद्वारातून आतड्यात सोडून तिथून रक्ताला ऑक्सिजन देता येईल का, हे तपासत आहेत. २०२१ साली उंदीर आणि डुकरांवर ते जमलं. २०२५ साली २७ निरोगी पुरुषांवर सुरक्षिततेची पहिली चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात द्रवात जादा ऑक्सिजन भरलेला नव्हता. शरीराला तो सोसतो का, एवढंच पाहिलं. म्हणजे अजून पहिलीच पायरी आहे. उद्या यातून काही चांगलं निघेलही. पण ते येईल तेव्हा चाचणीतून येईल, पाहुण्याच्या निरोपातून येणार नाही.

त्या तरुणाला आम्ही हेच सांगितलं : रान गहाण टाकू नका. ज्या उपचाराला पैसे भरायला निघाला आहात, तो उपचार बाजारात नाही.

मग जीव कशानं वाचतो?

यावर तो म्हणाला, "म्हंजे काहीच उपाय नाही?" तसं नाही. याच काळात दोन साध्या गोष्टी मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाल्या. त्यांना कुठलंही महाग द्रव लागत नाही.

पहिली गोष्ट, लहान श्वास. पूर्वी व्हेंटिलेटरवर मोठे श्वास दिले जायचे. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर तुलना झाली. एका गटाला दर किलोला १२ मिलिलिटर हवा, दुसऱ्याला फक्त ६ मिलिलिटर. हे किलो रुग्णाच्या उंचीवरून काढतात. मोठ्या श्वासाच्या गटात सुमारे ४० टक्के दगावले, लहान श्वासाच्या गटात ३१ टक्के. तेच यंत्र, फक्त आकडा बदलला, आणि दर १०० रुग्णांमागं जवळजवळ ९ जीव वाचले.

दुसरी गोष्ट, पालथं झोपवणं. २०१३ साली फ्रान्स आणि स्पेनमधल्या ४६६ गंभीर रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. ज्यांना रोज किमान १६ तास पालथं ठेवलं, त्यांच्यात २८ दिवसांत १६ टक्के दगावले. उताण्या ठेवलेल्यांत ३२.८ टक्के. म्हणजे मृत्यू निम्म्यावर आले. पाठीकडचा मिटलेला भाग उघडावा, ही द्रवाचीच कल्पना. ते काम रुग्णाला पालथा करून झालं. कोरोनात 'पालथं झोपा' असं सगळीकडं सांगत होते, त्यामागं हेच होतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पालथं करायला चार-पाच प्रशिक्षित माणसं लागतात. छाती किंवा तोंड भाजलेलं असेल तर ते जमेलच असं नाही. ते डॉक्टर ठरवतील.

त्या तरुणाच्या चुलत्यांना लहान श्वासावर ठेवलं होतं आणि पाचव्या दिवसापासून पालथंही करत होते. अठराव्या दिवशी त्यांची नळी निघाली. चढ चढताना अजून दम लागतो, पण ते घरी आहेत. रानही घरचंच आहे.

ऊसतोडीच्या मायबहिणींसाठी

द्रवाचा पहिला प्रयोग अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर झाला, कारण त्यांच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट पुरेसं तयार झालेलं नसतं. आपल्या भागातल्या कितीतरी बायका पोटात बाळ असताना कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. दिवस भरायच्या आत कळा आल्या तर काय करायचं, हे त्यांना ठाऊक असायला हवं.

चौतीस आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं, तर आईला डेक्सामेथासोन नावाचं स्वस्त इंजेक्शन देतात. ६ मिलिग्रॅमचे ४ डोस, १२ तासांच्या अंतरानं. ते आईच्या रक्तातून बाळापर्यंत जातं आणि त्याचं फुप्फुस लवकर तयार करतं. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या २,८५२ मातांच्या चाचणीचा निकाल दिला. आपल्या शेजारचं बेळगावही त्या चाचणीत होतं. इंजेक्शन मिळालेल्यांची १९.६ टक्के बाळं दगावली, न मिळालेल्यांची २३.५ टक्के. केंद्र सरकारनं २०१४ सालीच आरोग्यसेविकेला पहिला डोस देऊन पुढं पाठवायची मुभा दिली आहे. तेव्हा अवेळी कळा आल्या तर टोळीवर थांबू नका. आशाताईला फोन करा, जवळचं सरकारी केंद्र गाठा आणि विचारा, "बाळाच्या फुप्फुसाचं इंजेक्शन द्यायचं आहे का?"

जन्मल्यावर लागलं तर सर्फॅक्टंट औषध म्हणूनही नळीतून देतात. १९८० साली जपानमधल्या डॉक्टरांनी १० बाळांवर ते यशस्वी करून दाखवलं. आज तो सगळीकडं मान्य उपचार आहे.

धूर छातीत गेला तर

हा भाग कापून घरात लावून ठेवला तरी चालेल.

१. माणसाला आधी उघड्या हवेत आणा. तुम्ही आत शिरण्याआधी पुन्हा स्फोटाचा धोका नाही ना, ते पाहा.

२. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. हळद, शाई, टूथपेस्ट, तेल काही लावू नका.

३. शुद्धीवर असेल आणि दम लागत असेल तर बसतं ठेवा. गुंगी असेल तर तोंडात पाणी, चहा, दारू काहीही घालू नका.

४. ही लक्षणं दिसली तर जखम लहान असली तरी थांबायचं नाही : आवाज बसणं, नाकातले केस किंवा भुवया जळणं, थुंकीत काजळी, घशात घरघर, डोकं दुखणं, गोंधळल्यासारखं बोलणं. बंद खोलीत धुरात सापडलेल्या प्रत्येकाला दाखवलंच पाहिजे. त्रास एक ते तीन दिवसांनीही सुरू होतो.

५. बोटाला लावायच्या यंत्रावर पूर्ण विसंबू नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्ताला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून घट्ट चिकटतो. यंत्राला तो ओळखता येत नाही. रक्तात ऑक्सिजन कमी असूनही आकडा ९८ दिसू शकतो. यावर उपाय म्हणजे मास्कनं पूर्ण ऑक्सिजन, आणि तो लगेच. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. पूर्ण ऑक्सिजनवर तासा-दीड तासात तेवढा उतरतो.

६. १०८ ला फोन करा. सांगताना नुसतं "भाजलंय" म्हणू नका. "धूर छातीत गेलाय" असंही सांगा. धाराशिव, लातूर, अंबाजोगाई आणि सोलापूर या चारही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. कुठं व्हेंटिलेटरची खाट मोकळी आहे, ते निघण्याआधी विचारून घ्या.

हक्काच्या गोष्टी

पैसे किंवा पोलिसांचे कागद नाहीत म्हणून तातडीचा उपचार अडवता येत नाही. पोलिसांच्या कागदांबाबत १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट सांगितलं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेशनकार्डधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. दाखल करतानाच त्याला भेटा. रेशनकार्ड आणि आधार हाताशी ठेवा. योजनेचा फोन १५५३८८.

कामावर इजा झाली असेल तर नुकसानभरपाई हा कायद्यानं दिलेला हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे. दवाखान्यात इजा कामावर झाली असं लिहून घ्या. पोलीस नोंद होऊ द्या. हजेरीचा, पगाराचा जो काही कागद असेल तो जपा. "बाहेर मिटवून घेऊ" म्हणून कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

घरचं माणूस आयसीयूत असताना आपण घाबरतो आणि विचारत नाही. विचारायला लाजू नये. शांतपणे विचारलं तर चांगला डॉक्टर सांगतोच.

फुप्फुसाला नेमकं काय झालंय? लहान श्वासाच्या पद्धतीनं व्हेंटिलेटर चालू आहे का? पालथं करण्याचा विचार केला आहे का, नसेल तर का नाही? हा खर्च योजनेत बसतो का? आणि कुणी नवा उपचार सुचवला तर : तो मान्य उपचार आहे की प्रयोग?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. प्रयोगाला नाव ठेवायचं कारण नाही. प्रयोगांशिवाय लहान श्वासही सापडला नसता. पण नोंदणी झालेल्या प्रयोगात रुग्णाची लेखी संमती घेतात, फायदा-तोटा समजावून सांगतात, आणि प्रयोगातल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. कुणी प्रयोगाच्या नावावर रान विकायला सांगत असेल, तर तिथंच थांबावं.

तो तरुण परवा पुन्हा विहारात भेटला. आता तो कामावरच्या पोरांना धुराची लक्षणं सांगतो. या महिन्यात आपल्या वस्तीतल्या विहारात वंदनेनंतर दहा मिनिटं काढून वरची सहा कलमं मोठ्यानं वाचावीत. दिवाळीआधीचे महिने कामाच्या घाईचे आणि धोक्याचे असतात, तेव्हा तर नक्कीच वाचावीत.

जयभीम.